गाण्याच्या तासाला वही कशाला?

सत्र संपत आलं की मूल्यमापनाच्या नोंदवहीत ‘कला’ या विषयाखाली प्रत्येक मुलासाठी एक-दोन वाक्यं लिहावी लागतात. वर्णनात्मक नोंदी म्हणतात त्यांना. शिक्षकांना हे सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते: ही वाक्यं फार थोडे लोक स्वतः लिहितात. त्यांची तयार पुस्तकं मिळतात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरतात. ‘गीत तालासुरात म्हणतो.’ ‘वाद्यांची नावे सांगतो.’ ‘समूहगीतात आनंदाने सहभागी होतो.’ हजेरी क्रमांक एक ते दहाला पहिलं वाक्य, अकरा ते वीसला दुसरं, पुढे पुन्हा पहिलं. या नोंदी खऱ्या असत्या तर महाराष्ट्रातली लाखो मुलं आज तालासुरात गात असती आणि आपल्या लग्नाच्या वराती इतक्या बेसूर निघाल्या नसत्या.

नोंदवही खोटी असते एवढंच सांगायचं असतं तर हा लेख लिहिला नसता. नोंदवह्या खोट्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे, तपासणाऱ्यांनाही. माझं भांडण त्या वाक्यामागच्या समजुतीशी आहे. संगीत म्हणजे गाणं, आणि गाणं म्हणजे स्टेजवरचं गाणं, अशी ती समजूत. मग संगीताचा तास कधी? तर गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस. कोणासाठी? ज्या आठ-दहा मुलांचा आवाज बरा आहे त्यांच्यासाठी. उरलेली पन्नास मुलं त्या पंधरा दिवसांत पटांगणात धूळ उडवतात किंवा खुर्च्या उचलतात. वर्षाचे उरलेले सगळे तास गणिताला जातात. गणिताच्या सरांना मी दोष देत नाही. रिकामा तास दिसला तर मीही मराठीसाठी मागितला असता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. संगीत माझा विषय नाही, बीएडला तो माझ्याकडे नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. कायदा २००९ चा आहे. हे निदेशक कधी नेमले जातात, कधी घरी बसवले जातात, आणि जिथे आहेत तिथे बहुधा चित्रकलेचे असतात. त्यामुळे संगीत ज्याच्या गळ्यात पडेल त्याचं. गेली काही वर्षं आमच्याकडे ते माझ्या गळ्यात आहे, आणि मला गाता येत नाही म्हणूनच मी त्या तासाला वही आणली.

वहीवर नाव आहे ‘ऐकण्याची वही’. संगीताची वही नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

पद्धत अशी. आठवड्यातून एक तास. मुलांना काहीतरी ऐकवायचं, तीन मिनिटांचं. जुन्या अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्यांवरची गाणी यासाठी उत्तम, कारण ती साधारण तेवढीच असतात. एका बाजूवर त्याहून जास्त मावतच नव्हतं. पहिल्यांदा ऐकताना हातात पेन नाही. दुसऱ्यांदा ऐकताना पेन. मग पाच ओळी मराठीत. मराठी शब्द अडला तर उर्दू चालेल, तोही अडला तर घरातला दखनी चालेल. एक आठवडा मी ऐकवते, पुढच्या आठवड्यात मुलांनी स्वतः बाहेर ऐकलेलं लिहून आणायचं. मग वह्या बदलायच्या आणि शेजाऱ्याने खाली एक ओळ लिहायची. ती ओळ एकतर प्रश्न असला पाहिजे किंवा मतभेद. ‘छान लिहिलं’ चालणार नाही. मी या वहीत लाल पेन वापरत नाही.

चार शब्दांना बंदी आहे: छान, सुंदर, मधुर, मंत्रमुग्ध. शेवटचा शब्द मुलं निबंधाच्या गाइडातून उचलतात. पहिले दोन-तीन आठवडे वर्ग मुका होतो. ‘टीचर, फिर लिखना क्या?’ हे चार शब्द काढून घेतले की आपल्याकडे गाण्याबद्दल बोलायला दुसरे शब्दच नाहीत हे मुलांना कळतं, आणि मोठ्यांनाही कळायला हवं. स्टाफरूममध्ये सहज करून बघा. आवडत्या गाण्याबद्दल या चार शब्दांशिवाय पाच वाक्यं बोलून दाखवा.

मग शब्द यायला लागतात. आवाज चिरका असतो, घोगरा असतो, किनरा असतो, भरदार असतो, कापरा असतो, तो बसतो, फाटतो, चढतो. मराठीत या बाबतीत खूप श्रीमंती आहे आणि आमच्या मुलांपर्यंत ती कधी पोहोचतच नाही. त्यांच्या हातात सुलभभारतीचं पुस्तक असतं आणि मराठी म्हणजे प्रश्नाखाली धड्यातलं वाक्य उतरवणं. पाच-सहा वर्षं मराठी शिकलेलं मूल स्वतःच्या मनातलं एक वाक्य मराठीत लिहीत नाही, कारण तसं कुणी मागितलेलंच नसतं. या वहीत उतरवायला धडा नाही. कान तुझे, वाक्य तुलाच करावं लागणार.

सातवीतल्या एका मुलीने दोन मशिदींच्या अजानबद्दल लिहिलं. मोठ्या मशिदीचे मुअज्जिन शेवटचा आवाज लांब ओढतात, छोट्या मशिदीचे लवकर सोडतात, म्हणून छोट्या मशिदीची अजान घाईत आहे असं वाटतं. पण घड्याळ लावून बघितलं तर दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागतो. खाली शेजारच्या मुलीने लिहिलं, ‘छोट्या मशिदीचा भोंगा जुना आहे, म्हणून तसे वाटते.’ दोघी पुन्हा ऐकायला गेल्या. परत येऊन पहिलीने लिहिलं की भोंग्याचा संबंध नाही, मधे दम घ्यायला ते जास्त थांबतात, आणि थांबलेला वेळ आपण मोजत नाही. आता सांगा, लय आणि वेळ यांतला हा फरक, थांबणंही मोजायचं असतं ही गोष्ट, कोणत्या तयार नोंदीत बसवू? ही मुलगी गात नाही. गॅदरिंगला तिला कुणी उभं करणार नाही. नोंदवहीच्या हिशेबात तिला संगीतातलं काही येत नाही.

आमच्या भागात मोहरमला ढोल-ताशे असतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत बघायला लोक लांबून येतात आणि ते उचलायला सगळ्या जातिधर्मांचे हात लागतात. एका मुलाने मोहरमच्या दिवसांत एवढंच लिहिलं की ताशा कानात वाजतो आणि ढोल पोटात. दुसऱ्याने खाली विचारलं, ‘मग हलगी कुठे वाजते?’ यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.

आणि अब्दुल करीम खाँ. मिरज आमच्यापासून तासाभरावर. खाँसाहेब उत्तरेतल्या कैराण्याचे, पण राहिले मिरजेत, आणि १९३७ साली गेल्यावर त्यांना तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. आमच्यातले कित्येक जण दरवर्षी मीरासाहेबांच्या उरुसाला जातात, पण त्या आवारात कोण झोपलं आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं. मी त्यांची ठुमरी लावली. एकाने लिहिलं, ‘हा माणूस गातो की वाजवतो ते पहिल्यांदा कळले नाही.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आवाज बारीक आहे पण रडका नाही.’ त्याच्याखाली ओळ आली: ‘रडकाच आहे.’ त्याच्याखाली: ‘रडणे आणि मागणे यात फरक आहे.’ हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाचं आहे. ते त्याला कुणी शिकवलं असं मला विचारण्यात आलं. कुणीच नाही. गाणं दोनदा ऐकायला लावलं आणि मधे बोललो नाही, इतकंच.

आता विरोधकांकडे येते. ते तीन प्रकारचे आहेत.

पहिले संगीतातले जाणकार. कलाशिक्षणाच्या एका प्रशिक्षणात मी ही वही दाखवली, तेव्हा तज्ज्ञ म्हणून आलेल्या गृहस्थांनी हसून सांगितलं, ‘मॅडम, संगीत ही करायची गोष्ट आहे, लिहायची नाही. ही सीना-ब-सीना चालणारी विद्या आहे.’ उर्दू शब्द त्यांनी माझ्यासाठी वापरला असावा. लिहिल्याने संगीत मरतं हा समज फार जुना आहे आणि तो खोटा ठरवणाऱ्यांत मुसलमानही होते, हे जाणकारांना माहीत असायला हवं. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबख्श यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली, स्वरलिपी बनवली, वर्गात बसवून शिकवलं. विष्णु दिगंबर पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय लाहोरला निघालं ते १९०१ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. भातखंड्यांनी उस्तादांच्या पाठी फिरून, त्यांचे रुसवे-फुगवे सांभाळून चिजा उतरवून घेतल्या, रामपूरच्या वजीर खाँसाहेबांसमोर बसले, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिली ती मराठीत. कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांनी उतारवयात आपली जीवनकहाणी उर्दूत सांगितली आणि नातवाने ती लिहून घेतली. ती लिहिली गेली नसती तर घराण्याबद्दल आपल्याकडे ऐकीव किश्शांपलीकडे किती उरलं असतं? जे शिकवायचं नव्हतं ते उस्तादांनी लपवलं, हेही सगळ्यांना माहीत आहे. सीना-ब-सीना या शब्दात प्रेम आहे तसं कुलूपही आहे.

शिवाय हेच जाणकार मुलांकडून लिहवून घेतातच की. संगीताच्या परीक्षांना लेखी पेपर असतो. नाद म्हणजे काय, श्रुती म्हणजे काय, थाट म्हणजे काय. मुलं व्याख्या पाठ करतात. ज्या रागाचे वादी-संवादी घडाघडा सांगतात तो राग समोर लावला तर ओळखत नाहीत. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळायला लागल्यापासून या क्लासेसना गर्दी आहे, आणि ती कशासाठी आहे हे क्लासवाल्यांनाही ठाऊक आहे. म्हणजे लिहिण्याला त्यांची हरकत नाही. मुलाने स्वतःचं लिहिण्याला आहे.

दुसरे विरोधक आमच्यातले. अजानवाल्या वहीची गोष्ट घरोघर गेली आणि एक वालिद शाळेत आले. शांत, सभ्य माणूस. म्हणाले, ‘टीचर, हमारे घर में गाना-बजाना नै चलता. और अजान को तुमने गाने में डाल दिया.’ मी वहीचं नाव दाखवलं. ऐकण्याची वही. अजान गाणं आहे असं मी कुठेही म्हटलं नव्हतं आणि म्हणणारही नाही. पण ती कानाने ऐकायची गोष्ट आहे, आणि ज्या मुलीने ती इतक्या बारकाईने ऐकली तिने अदबच केला आहे. ते वही वाचत बराच वेळ बसले. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. मुलगी लिहिते आहे.

संगीत हलाल की हराम यावर मी फतवा द्यायला बसलेली नाही. तो माझा अधिकार नाही. पण या प्रश्नावर उलमांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत हे लपवून ‘इस्लाममध्ये मना है’ असं दोन शब्दांत उरकणाऱ्यांना मी विचारणार. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समावर एक अख्खा भाग लिहिला, तो कशासाठी? खुलताबादला झोपलेले बुऱ्हानुद्दीन गरीब, निजामुद्दीन औलियांचे खलिफा, समाचे किती शौकीन होते हे त्यांच्या मुरिदांनीच लिहून ठेवलं आहे. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी मुली गात होत्या, हजरत अबू बक्र रागावले, तेव्हा हुजूरांनी त्यांना गाऊ द्या म्हटलं, हे बुखारीत आहे आणि मदरशात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्याला परहेज करायचं त्याने जरूर करावं, मी त्याच्या मुलाला गायला लावणार नाही, कधीच लावलेलं नाही. पण दोन पालक आले म्हणून साठ मुलांचा तास बंद करायचा, हे मला मान्य नाही.

आणि एक गंमत आमच्या बोलण्यातच आहे. आपण नात ‘पढतो’, गात नाही. हम्द पढतो, सोज पढतो, मुशायऱ्यात शायर तरन्नुममध्ये पढतो. उर्दू शाळेत रोज सकाळी इकबालांची दुआ चालीवर होते, शेकडो मुलांच्या तोंडून, आणि त्याच शाळेचे हेडमास्तर सांगतात की आमच्याकडे संगीत नाही. किरअतच्या मुकाबल्यात कारीसाहेब कोणत्या लहेजात पढले यावर चर्चा होते. मिसरी कारींचे बयाती, हिजाज, रास्त हे मकाम हौशी मुलांना यूट्यूबमुळे तोंडपाठ आहेत. म्हणजे कान तयार आहे, शब्द तेवढे दुसरे आहेत. ‘गाना’ म्हटलं की अंगावर येतात, ‘पढना’ म्हटलं की तीच मंडळी सुराची चूक काढतात. मला या फरकाची टर उडवायची नाही, त्यात श्रद्धेची एक रेघ आहे आणि ती मी ओलांडत नाही. पण सूर कळणं हे आमच्या घरात परकं आहे असं कुणी सांगू नये.

तिसरे विरोधक तिकडचे आहेत, आणि ते विरोध करतात हे त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. मराठी शाळांतल्या माझ्या मैत्रिणी सांगतात ती गीतांची यादी बघा. प्रार्थना, आरत्या, भजनं, स्तोत्रं आणि दोन देशभक्तिपर गीतं. तिथे शिकणारं मुसलमान मूल काय करतं? ओठ हलवतं किंवा खाली बघतं. घरून सांगितलेलं असतं, शाळेतून काही विचारलेलं नसतं. मग एखादी बाई म्हणते, ‘ह्यांना संगीताची आवडच नसते.’ ह्यांना! बालगंधर्वांच्या मागे सारंगी कादरबक्ष वाजवत होते आणि तबला अहमदजान थिरकवा. लावणी लिहिणारे सगनभाऊ शिकलगार मुसलमान. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्यांच्या डफाने पेटल्या ते अमर शेख बार्शीचे मेहबूब पटेल. मराठी संगीतातून ‘ह्यांना’ काढून दाखवा, किती उरतं ते बघू.

अभंग शिकवू नका असं मी म्हणत नाही. आमच्या मुलांना मी अभंग ऐकवते, त्यांनी त्यावर लिहिलं आहे, टाळ आणि पखवाज यांत कोण कोणाच्या मागे जातो यावर एक पूर्ण तास भांडण झालं. ऐकणं आणि इबादत करणं या दोन गोष्टी आहेत हे मुलांना सहज समजतं. फक्त गायलाच लावलं की त्या एक होतात, आणि मग मूल अडतं. वही आली की कोणाचंच मूल अडत नाही. मराठी शाळेतल्या मुलांनीही तिथे बसून कव्वाली ऐकावी, टाळीवर चार ओळी लिहाव्यात, नात आणि भजन यांची चाल कुठे सारखी वाटली ते सांगावं. मग त्यांच्या वह्या आमच्याकडे आणि आमच्या तिकडे पाठवू. खालची मतभेदाची ओळ परक्या शाळेतल्या मुलाने लिहिलेली असेल तर मजा वाढेल. एका शाळेला मी हे विचारून पाहिलं. ‘वरून परवानगी लागेल’ असं उत्तर आलं. भांडणाच्या बातम्या इकडून तिकडे जायला वरून परवानगी लागत नाही.

वेळ नाही ही तक्रार मी विरोधात धरत नाही. आठवड्याला पस्तीस मिनिटं वेळापत्रकात छापलेली आहेत. ती द्या. खर्च म्हणाल तर एक फोन, एक छोटा स्पीकर आणि मुलामागे एक शंभर पानी वही.

या वर्षी मात्र मला आणखी एक गोष्ट हवी आहे. मिरजेत सतारी आणि तानपुरे बनवणारी घरं आहेत. शिकलगार मंडळी. पूर्वी हत्यारांना धार लावायची, मग सतारीकडे वळली. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. आमची सहल दरवर्षी वॉटर पार्कला जाते, एसटीची निम्मी सवलत घेऊन. मुलांनी भोपळा कोरताना बघावा, कच्च्या तुंब्यावर टकटक करून ऐकावं, तार चढवल्यावर पहिला आवाज कसा येतो ते वहीत लिहावं, आणि परत येताना दर्ग्यात खाँसाहेबांच्या कबरीपाशी फातेहा पढावी. सहल समितीची बैठक दिवाळीनंतर आहे. मी मिरजेचं नाव लेखी दिलं आहे आणि सोबत तीन वह्या जोडल्या आहेत, त्यातली एक ‘रडणे आणि मागणे’वाली. वॉटर पार्कच्या बाजूने पाच जण आहेत, माझ्या बाजूने सध्या शिपाईभाई आणि मी. त्यांचे वालिद मोहरमला ताशा वाजवायचे.